चोरीनंतरचा प्रयोग

घरात चोरी झाली की काय करायचं, हे ज्याच्या घरात कधी चोरी झालेली नाही त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं. कशाला हात लावू नका, पोलिसांना बोलवा, आधी घोटभर पाणी प्या, आधी रडून मोकळ्या व्हा. हजरबाईंनी यातलं काहीएक केलं नाही. गुरुवारी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडून त्या परत आल्या, मोडलेल्या कुलपाकडे पाहिलं, आत जाऊन टीव्हीच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘अगं बाई, रविवार!’’

हजरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांनी उभी हयात एका नाटक कंपनीत रंगमंचावरचं सामान सांभाळण्यात घालवली होती. तालमीत दिग्दर्शक ओरडायचा, ‘‘कंदील?’’ की विंगेतून आवाज यायचा, ‘‘हजर!’’ ‘‘मोडकी छत्री?’’ ‘‘हजर!’’ एकदा नटांना कंटाळून तो म्हणाला, ‘‘अरे, मला विष द्या रे कुणीतरी!’’ तर बाईंनी लेबल लावलेली बाटली पुढे केली. त्या दिवसापासून त्या हजरबाई झाल्या, आणि निवृत्त झाल्यावरही हजरबाईच राहिल्या.

आता चोरीचा नि रविवारचा संबंध काय, तर तो एका तहामुळे. मागल्या वर्षी बाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. हाड काही मोडलं नाही, पण मुलाचा धीर मोडला. मग त्याचा एकच धोशा, ‘‘आई, आता माझ्याकडे चल.’’ त्याचं घर सातव्या मजल्यावर. खाली वॉचमन, जिन्यात कॅमेरे, दाराला साखळी. बाईंसाठी एक खोली रंगवून, पडदे लावून तयार. बाईंचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडकीशी थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही. सातव्या मजल्याच्या खिडकीशी कोण थांबणार? बाई हटल्या, मुलगा अडला, आणि शेवटी असं ठरलं की त्या परत पडल्या, गॅस उघडा राहिला किंवा घरात चोरी झाली, तर मुकाट्यानं बॅग भरायची. बाईंनी बेधडक ‘‘कबूल’’ म्हणून टाकलं. आपण जपून चालू, गॅस दोनदा बघू, आणि चोराला काय वेड लागलंय आपल्याकडे यायला?

तर, चोराला वेड लागलं होतं. आणि मुलगा नि सून दर रविवारी जेवायला येत.

मेल्यानं नेलं तरी काय काय! टीव्ही, इस्त्री, रेडिओ, निरोपसमारंभात मिळालेले चांदीचे पेले, आणि स्वयंपाकघरातली झाडून सगळी भांडी. मिक्सर नेला. कुकर तर भातासकट नेला. कुकरची शिट्टी मात्र ओट्यावर राहिली होती. ती हातात धरून बाई म्हणाल्या, ‘‘घ्या, आता उकडा म्हणावं!’’ आणि त्यांना हसू आलं. मग भिंतीकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. घड्याळ नव्हतं. नवऱ्यानं हौसेनं घेतलेलं ते घड्याळ. तो गेल्यापासून त्या रोज त्याच्या टिकटिकीवर झोपत होत्या. भिंतीवर एक पांढरा गोल राहिला होता. बाई त्या गोलाखाली जमिनीवर बसल्या.

संध्याकाळी त्यांनी फ्यूजला बोलावून घेतलं. फ्यूज म्हणजे कंपनीचा जुना लाइटवाला. प्रयोगात काही अडलं की दिव्यांच्या आधी याचा फ्यूज उडायचा, म्हणून हे नाव. आत्ताही उडालाच.

‘‘अहो बाई, आधी पोलिसांत चला!’’

‘‘जाऊ ना. सोमवारी.’’

‘‘सोमवारी? चोर काय पाहुणा आहे, सोमवारपर्यंत थांबायला?’’

‘‘अरे, आज गेले तर ते विचारणार, घरात आणखी कोण, मुलगा कुठं असतो, त्याचा नंबर द्या. नंबर दिला की माझी बॅग भरलीच म्हणून समज. एवढा रविवार निभावू दे. मग हळूहळू एकेक वस्तू घेईन. मुलाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही.’’

‘‘आणि रविवारी तो आल्यावर टीव्हीच्या जागी काय दाखवणार?’’

बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. फ्यूज त्यांना तरुणपणापासून ओळखत होता. ‘‘नाही हं, बाई! कंपनीच्या गोदामातलं सामान नाही!’’

‘‘किल्ली अजून माझ्याकडेच आहे,’’ बाई म्हणाल्या.

‘‘बैल गेला नि झोपा केला, असं ऐकलं होतं. तुम्ही तर गोठ्यात बैलाचं चित्र टांगायला निघालात!’’

‘‘चित्र चांगलं रंगवलं तर बैलाची आठवणसुद्धा येत नाही. उठ.’’

शुक्रवार-शनिवार दोघांनी घर उभं केलं. गोदामातून टीव्ही आला. पाठीमागे प्लायवूडचा पोकळ खोका, पुढे काळी काच. रेडिओ पुठ्ठ्याचा, पेले चंदेरी कागद चिकटवलेले. घड्याळ एका रहस्यनाटकातलं होतं. त्यात खून दहा वाजून दहा मिनिटांनी व्हायचा, म्हणून काटे तिथंच डिंकानं पक्के केलेले. भिंतीवरच्या पांढऱ्या गोलावर ते अगदी बेतून बसलं. फ्यूजनं दाराला नवं कुलूप बसवलं आणि ते जुनं दिसावं म्हणून त्यावर सँडपेपर घासला. बाईंनी खडूनं जमिनीवर खुणा केल्या, फ्यूजला मुलाच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खोलीभर फिरून वस्तू इंच इंच सरकवल्या.

‘‘इथून टीव्ही खरा दिसतो?’’

‘‘दिसतो. मुलगा जागचा हलला नाही तर.’’

‘‘जेवायला बसलेला माणूस कशाला हलेल? जेवण तुझी बायको देते आहे ना डब्यांत भरून, ताटांसकट? झालं तर मग.’’

फ्यूजला त्यांनी सगळं दाखवलं, एक सोडून. रात्री तो गेला की त्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत नेऊन दाराला टेकवून ठेवत. कुलूप नवं होतं, कडी होती, तरीसुद्धा. टिकटिक नसलेल्या त्या खोलीत त्या आढ्याकडे बघत पडून राहत आणि बाहेर साधं पान वाजलं तरी उठून बसत. हे सांगितलं असतं तर फ्यूजसुद्धा मुलाच्याच बाजूचा झाला असता.

रविवार उजाडला. फ्यूज मदतीला हजर. खरं म्हणजे तो घामाघूम होऊन कोपऱ्यात उभा होता. मुलगा आला, मागून सून आली. मुलगा दारातच थबकला.

‘‘दहा वाजून दहा? आई, बारा वाजून गेले.’’

‘‘सेल संपलेत रे त्याचे.’’

‘‘मग देतो ना बदलून. खाली काढतो.’’

‘‘काही नको! आल्या आल्या भिंतीवर काय चढतोस? बस तिथं. पाणी पी आधी.’’

‘‘मी आणते पाणी,’’ सून म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. स्वयंपाकघर! बाहेरच्या दोन्ही खोल्या त्यांनी अशा सजवल्या होत्या की पहिल्या रांगेतल्या खडूस माणसानंही मान डोलवावी. स्वयंपाकघर मात्र जसं चोरानं सोडलं तसंच होतं. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? आजवर लावलेल्या प्रत्येक नाटकात स्वयंपाकघर म्हणजे मागचं एक दार. त्यातून कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतं. त्या दारामागं काय असतं ते प्रेक्षक कधी बघतच नाहीत. तिथं काही मांडायचं असतं, हेच बाईंना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं नाटकं केली आणि घरात आत जाणारी माणसं असतात हे विसरल्या.

आतून भांड्याचा आवाज येईना. बराच वेळ गेला. मग सून बाहेर आली, फ्यूजच्या बायकोनं दिलेल्या डब्यातल्या वाटीत पाणी घेऊन. तिनं ती वाटी नवऱ्याच्या हातात दिली.

‘‘वाटीत पाणी?’’ तो म्हणाला.

‘‘ग्लास घासायचेत. पी मुकाट्यानं,’’ सून म्हणाली.

बाई चक्रावल्या. हिनं पाहिलं तर असणारच. मग ही बोलत का नाही? उलट सून येऊन त्यांच्या शेजारी खेटून बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. सासू-सुनेचं तसं बरं होतं, पण हात हातात घेण्याइतकं गोडीगुलाबीचं कधीच नव्हतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या खोट्या पेल्यांकडे बघत होती.

जेवणं झाली. आता हात धुऊन गप्पा मारायच्या, निरोप घ्यायचा, संपला प्रयोग. पण मुलाला मॅच आठवली.

‘‘आई, रिमोट कुठंय?’’

‘‘रिमोट? तो फ्यूजनं नेलाय दुरुस्तीला.’’

फ्यूज कोपऱ्यातून पुढे झाला. ‘‘हो, हो. बिघडलाय. म्हणजे रिमोट. टीव्ही एकदम फर्स्टक्लास आहे, त्याला काही म्हणजे काही झालेलं नाही.’’

‘‘मग बटणावर लावतो,’’ म्हणत मुलगा उठला आणि खडूच्या सगळ्या खुणा तुडवत टीव्हीपाशी पोचला. बटण सापडेना म्हणून त्यानं कडेनं हात घातला, टीव्ही टेबलावरून सटकला, आणि आता हे अवजड धूड पायावर पडणार म्हणून त्यानं दोन्ही हातांनी सगळा जोर लावून तो धरला. जोर जरा जास्तच झाला. टीव्ही फुलासारखा उडून त्याच्या डोक्याच्या वर गेला, आणि मुलगा दोन्ही हात उंच करून, टीव्ही डोक्यावर धरून, खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. पाठीमागच्या प्लायवूडवर लाल रंगात ठळक लिहिलं होतं: अंक दुसरा. आपटू नये.

पितळ उघडं पडलं होतं, आणि तेसुद्धा प्लायवूडचं.

मुलानं टीव्ही हळूच खाली ठेवला. रेडिओ उचलून पाहिला. पेल्याचा कागद नखानं खरवडला. मग आईकडे वळला. ‘‘चोरी झाली?’’

‘‘झाली,’’ बाई म्हणाल्या.

‘‘कधी?’’

‘‘गुरुवारी.’’

‘‘गुरुवारी! आणि तू सगळं झाडून-पुसून घेतलंस? आई, कशाला हात लावायचा नसतो! आधी फोटो काढायचे, मग पोलिसांत जायचं आणि तक्रारीची नक्कल तिथल्या तिथं मागून घ्यायची. ते म्हणतात सोमवारी या, आणि सोमवारी साहेब रजेवर असतात. बँकेला कळवायचं. किल्ल्यांचा जुडगा नेला असेल तर सगळी कुलपं बदलायची, पण पहिला दिसेल त्या कुलूपवाल्याकडून नाही, तो घाबरलेलं गिऱ्हाईक लगेच ओळखतो. चोर आला कुठून ते आधी बघायचं, ती वाट बंद करायची. आणि पहिले काही आठवडे दिवा चालू ठेवूनच झोपायचं, नाहीतर साधा फ्रीज गुरगुरला तरी धडधडायला लागतं, आणि मग एकदा उठलं की...’’

तो एकदम थांबला. पण उशीर झाला होता. नट पाठ केलेलं बोलतोय की अंगावरून गेलेलं, हे विंगेत उभं राहून राहून बाईंना पक्कं कळायचं.

‘‘तुमचा फ्रीज फार गुरगुरतो का रे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘म्हणजे... तसं... सगळ्यांचेच...’’

‘‘ततपप करू नकोस. तुमच्याकडे कधी झाली चोरी?’’

मुलगा जमिनीकडे बघू लागला. ‘‘सांगून टाक आता,’’ सून म्हणाली. आणि मग तिनंच सांगितलं. ‘‘हिवाळ्यात झाली, आई.’’

‘‘हिवाळ्यात दोन-तीन रविवार तुम्ही आला नव्हतात. सर्दी झाली म्हणून.’’

‘‘सर्दी नव्हती. दार बसवायचं काम चाललं होतं.’’

फ्यूजला राहवेना. ‘‘पण तुमच्याकडे तर वॉचमन आहे! कॅमेरे आहेत!’’

‘‘आहेत ना,’’ मुलगा पडेल आवाजात म्हणाला. ‘‘कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतंय. चोर टीव्ही घेऊन लिफ्टपाशी आला, आणि वॉचमननं त्याला लिफ्टचं दार धरून दिलं. टीव्ही जड होता म्हणे.’’

फ्यूज इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. बाईंनाही हसू फुटलं, पण त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि ते ओठांवरच राहिलं. तिचे डोळे भरले होते.

‘‘मघाशी मी आत पाय ठेवला नि लगेच कळलं,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्याकडे पण कुकर नेला होता. फळीवर भांड्यांचे गोल तेवढे राहिले होते. किती दिवस मी ते पुसलेच नाहीत. तुमच्या फळीवर पाहिले आणि वाटलं, आता यांना काहीच विचारू नये. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील.’’

‘‘आणि मला का नाही सांगितलंत?’’ बाईंचा आवाज चढला. ‘‘तू तिथं दिवा लावून जागी, आणि मी इथं ढाराढूर झोपलेली! मी काय परकी आहे? दुसऱ्या दिवशी येऊन बसले असते तुझ्याजवळ!’’

‘‘सांगणार कसं?’’ मुलगा म्हणाला. ‘‘माझं घर सुरक्षित आहे, एवढ्या एकाच मुद्द्यावर तर तुला बोलावत होतो. ते कळलं असतं तर तू कधीच आली नसतीस. शिवाय तू इथं एकटी. ऐकून घाबरली असतीस.’’

‘‘घाबरलेच आहे,’’ बाई म्हणाल्या. बोलायचं नव्हतं, पण आता झाकण्यासारखं उरलं होतं काय? ‘‘गुरुवारपासून डोळ्याला डोळा नाही. रात्री दाराला खुर्ची लावून झोपते. ती काय, तिथंच राहिली आहे बघ.’’

दाराजवळच्या त्या खुर्चीकडे सगळ्यांनी पाहिलं. एवढं बारकाईनं घर लावलं, पण ती उचलून जागेवर ठेवायचं बाईंना सकाळी सुचलंच नव्हतं. मुलगा येऊन त्यांच्या पायांशी जमिनीवर बसला. त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘‘मग आता चलतेस ना माझ्याकडे? ठरलंय आपलं.’’

हीच वेळ टळावी म्हणून बाईंनी हा सगळा खटाटोप केला होता. त्यांनी डोळे पुसले आणि ताठ बसल्या.

‘‘ठरलंय तर ठरलंय. चोरी झाली की बॅग भरायची. बरोबर?’’

‘‘बरोबर.’’

‘‘मग पहिली चोरी कुणाकडे झाली? हिवाळ्यात, सातव्या मजल्यावर. तेव्हा आधी बॅग तुमची. या राहायला. दोन खोल्या आहेत. टीव्हीसुद्धा आहे, हवा तेवढा हलका.’’

‘‘आई, हे तुझ्या घरापुरतं ठरलं होतं!’’

‘‘का बरं? माझ्याकडे चोर आला की मी म्हातारी, आणि तुझ्याकडे आला की ते दुर्दैव?’’

‘‘बाईंचं बरोबर आहे,’’ फ्यूज कोपऱ्यातून म्हणाला. सून नवऱ्याकडे बघून म्हणाली, ‘‘बोल की आता.’’ चिरंजीवांनी डोकं खाजवलं आणि ते चपला शोधायला लागले.

चौघंही मिळून पोलीस चौकीत गेले. मुलगा पुढे, कारण काय बोलायचं, काय मागायचं ते आता या घराण्यात त्यालाच पाठ होतं. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि वर पाहिलं. ‘‘चोरी गुरुवारी झाली. मग इतके दिवस काय करत होता?’’

‘‘मध्ये आमचा एक प्रयोग होता,’’ बाई म्हणाल्या. हवालदारानं ते लिहिलं नाही.

परत आल्यावर मुलानं चोर आला त्या दाराच्या चौकटीला कुलपापाशी लोखंडी पट्टी ठोकली. हातोडी ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘‘बरं, राहा इथंच. पण एक अट.’’

‘‘पुन्हा अट?’’

‘‘काही झालं की आधी मला सांगायचं. रंगवून-बिंगवून ठेवायचं नाही.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी पण तुला सांगेन.’’

‘‘कबूल,’’ बाई म्हणाल्या. या वेळी मात्र त्यांनी आधी विचार केला होता.

फ्यूज डबे-ताटं घेऊन घरी गेला. बाहेर अंधारून यायला लागलं. एरवी या वेळेपर्यंत मुलगा नि सून केव्हाच निघून गेलेले असत. बाई जिंकल्या होत्या, घर त्यांचं राहिलं होतं, आणि आता याच घरात त्यांना एकटीनं रात्र काढायची होती. थांबा रे आजच्या दिवस, एवढं म्हणायचं होतं. पण जीभ रेटेना. दुपारी एवढं भांडून मिळवलं, आणि दिवेलागणीला ‘थांबा’ म्हणायचं? सून स्वयंपाकघरात फळी पुसत होती. पुसून झालेली फळीच परत पुसत होती.

मुलानं आपली पिशवी खांद्याला लावली. दाराकडे दोन पावलं टाकली आणि तिथं ठेवलेल्या खुर्चीपाशी थांबला. मग त्यानं वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघितलं.

‘‘अजून दहा वाजून दहाच मिनिटं झालीत,’’ तो म्हणाला. ‘‘एवढ्या सकाळी कुठं निघायचं?’’

आणि त्यानं पिशवी खाली ठेवली. बाईंनी दारापाशी जाऊन कडी लावली, ती खुर्ची उचलली आणि टेबलाशी तिच्या जागेवर नेऊन ठेवली.